फोनने विचारले, आक्कांनी ‘हो’ म्हटले



हा लेख आम्ही कुणाला शहाणपण शिकविण्यासाठी लिहीत नाही. आमच्या हातून एक चूक झाली, तिचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाला पडला. अशी चूक करणारे आम्ही एकटेच नसणार असे वाटते, म्हणून हे चार शब्द.

२०२५ च्या मे महिन्यातला शनिवार. शनिवार म्हणजे आटपाडीचा बाजार. शेळ्या-मेंढ्या भरलेले टेम्पो गावातून निघून गेले होते, ऊन उतरणीला लागले होते, आणि आम्ही दारात बसून एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज तपासत होतो. पतसंस्थेत कारकुनी करून उरलेला वेळ आमचा असाच जातो. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या आक्का आल्या. एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन.

आक्कांचे वय साठीच्या घरातले. मालक लवकर गेले. डाळिंबाच्या बागांत मजुरी करून दोन पोरांची लग्ने केली. शाळा चौथीपर्यंतच, पण हिशेब तोंडपाठ, म्हणून वस्तीतल्या बायकांनी त्यांना बचत गटाच्या खजिनदार केलेले.

“भाऊ, ह्यात बघ रं जरा. काल पासबुक भरून आणलं, तर ही तीन आकडं म्या काढल्यालंच न्हाईत.”

बुधवारच्या तारखेला तीन नोंदी होत्या. १५ हजार, १० हजार आणि साडेसहा हजार. एकूण ३१ हजार ५०० रुपये. शिल्लक २१२. आक्कांनी दोन शेळ्या विकून ठेवलेले पैसे त्यात होते, आणि गटाच्या बायकांकडून गोळा केलेले १२ हजारही त्यातच होते. गटाच्या खात्यावर सोमवारी भरायचे म्हणून त्यांनी चार दिवस आपल्या खात्यावर ठेवले होते.

“आक्का, फोनवर काही आलं होतं का?”

“लग्नाची पत्रिका आल्ती. जावंच्या माहेरकडनं. नाव वळखीचं हुतं म्हणून दाबली. पत्रिका काय उघडंना. फोननं काय काय इचारलं, म्या हो म्हणत गेले.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तूच शिकिवलं हुतंस न्हवं? इचारलं की हो म्हणायचं.”

आम्ही फोन हातात घेतला. पत्रिका नव्हतीच ती. नाव पत्रिकेचे, पण शेपटाला ‘एपीके’ ही तीन अक्षरे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फोटो असो की पीडीएफ असो, ती नुसती पाहण्याची वस्तू. एपीके म्हणजे फोनमध्ये नवे ॲप बसविणारी फाईल. बसलेल्या ॲपने आक्कांकडे मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, आक्कांनी दिली. बँकेचा ओटीपी मेसेजनेच येतो. मग चोराला आक्कांच्या घरी यायची गरज उरली नाही. ज्या नातलगाच्या नावाने पत्रिका आली तो बिचारा आधीच असा फसलेला होता, आणि त्याच्या फोनमधून ती फाईल आपोआप सगळ्यांना जात होती.

पण अजून एक कोडे होते. व्हॉट्सॲपवरून आलेले ॲप अँड्रॉइड फोन सहजासहजी बसवू देत नाही. तुमच्या सुरक्षिततेसाठी या ठिकाणाहून आलेली अनोळखी ॲप बसवायला परवानगी नाही, असे सांगून आधी अडवतो. पुढे जायचे तर सेटिंगमध्ये जाऊन एक बटण मुद्दाम सरकवावे लागते. चौथी शिकलेल्या आक्का तिथपर्यंत पोहोचल्या कशा? आम्ही सेटिंग उघडून पाहिले. व्हॉट्सॲपच्या नावापुढे ‘परवानगी आहे’ असे लिहिलेले. ते बटण बुधवारी सरकवलेले नव्हतेच. ते २०२३ पासून तसेच होते, आणि सरकवणारे बोट आमचे होते.

त्या वर्षी आम्ही विहारात बायकांसाठी फोनचा वर्ग घेतला होता. २६ बायका आल्या होत्या. एका ओळखीच्या मुलाने पुस्तके वाचण्याचे ॲप बनविले होते, ते प्ले स्टोअरवर नव्हते, म्हणून आम्ही व्हॉट्सॲपने सर्वांना पाठविले. फोन अडवू लागले. आम्ही एकेकीचा फोन हातात घेऊन ते बटण सरकवीत गेलो, आणि वर मोठ्या आवाजात सांगितले, “फोन काही विचारील, घाबरायचं नाही, अलाऊ म्हणायचं.” बायकांनी ते पाठ केले. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, आणि एकदा दिली की आपण काढून घेईपर्यंत राहते. म्हणजे आम्ही २६ घरांची दारे उघडून दिली आणि पुस्तके वाचून झाल्यावर लावायला विसरलो.

त्या संध्याकाळी आम्हाला आमचे आजोबा आठवले. आजोबा वेसकर होते. आजच्या पोरांना हा शब्द ठाऊक नाही, आणि नाही याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण गोष्ट समजायला तो शब्द उपयोगी आहे. गावाच्या वेशीत बसायचे, रात्री वेस लावायची, परका माणूस आला की कुठला, कुणाकडे चालला ते विचारायचे आणि पाटलाला जाऊन सांगायचे. आत घ्यायचे की नाही हे पाटील ठरविणार. वेसकराने फक्त विचारायचे. आजोबा सांगत, “गावात कायबी झालं की पयला सवाल आमास्नीच. पर हुकूम कुणाचा हुता, ते कुणी इचारत नव्हतं.” आपल्या आटपाडीचेच शंकरराव खरात, १९२१ साली इथे जन्मले, वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनी आपल्या आत्मकथेला नाव दिले ‘तराळ-अंतराळ’. तराळ म्हणजे गावकीचे हेच काम करणारा माणूस. (आदल्या वर्षी, १९८३ साली अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष होते आपल्याच तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. लागोपाठ दोन अध्यक्ष एका दुष्काळी तालुक्यातले, हे आम्ही संधी मिळेल तिथे सांगतो, तसे इथेही सांगितले.) १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले, वेसकरी गेली. आता ते काम फोनमधले आणि संगणकातले सॉफ्टवेअर करते. फरक एवढाच की यावेळी पाटील आपण आहोत. वेसकर येऊन विचारतो, मालक, हा अनोळखी दारात उभा आहे, आत घेऊ की हाकलू? आणि आम्ही आक्कांना शिकविले होते की वेसकराने तोंड उघडायच्या आत ‘घे’ म्हणायचे.

हा वेसकर परका ओळखतो कसा, हे आम्ही त्यानंतर नीट समजून घेतले. आमचा धंदा पतसंस्थेचा, त्यामुळे आम्हाला ते आमच्या भाषेत कळले. खातेदाराची नमुना सही आमच्याकडे कार्डावर असते. पावतीवरची सही तिच्याशी ताडून पाहायची, जुळली तर पैसे द्यायचे. अँटिव्हायरसकडे अशा नमुन्यांचे मोठे दप्तर असते, पण ते चोरांचे. प्रत्येक फाईलवरून गणिताने एक लांबलचक आकडा काढता येतो, तो तिचा अंगठा. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी अंगठा पार बदलतो. चोराच्या दप्तरात अंगठा सापडला की अँटिव्हायरस कुणाला न विचारता फाईल पकडतो. चांगल्या फायलींचेही दप्तर असते. त्यात सापडली की न विचारता सोडतो. आपल्याला विचारले जाते ते मधल्यांबद्दल, जे कुठल्याच दप्तरात नाहीत. चोरांनाही हे ठाऊक आहे, म्हणून ते रोज फाईल थोडी थोडी बदलतात. कालचा चोर आज नवा अंगठा घेऊन येतो आणि ‘अनोळखी’ ठरतो. त्यामुळे वेसकर पुढच्या खुणा पाहतो. ही फाईल किती जणांकडे आहे, किती दिवसांपासून आहे, बनविणाऱ्याची सही आहे का, आणि आत आल्यावर ती काय करू लागते. पत्रिका असून मेसेज कशाला वाचते?

हे काम करणारे एक मोठे नाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे. कैलास आणि संजय काटकर हे भाऊ मूळचे सातारा जिल्ह्यातले. थोरल्याने दहावीनंतर शिक्षण सोडले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, धाकट्याला संगणक शिकविला. धाकट्याने लिहिलेला अँटिव्हायरस १९९५ साली बाजारात आला. तेच पुढे क्विक हील झाले, आणि २०१६ साली शेअर बाजारात गेले. दहावी झालेला दुरुस्ती करणारा पोरगा, हे आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल.

आमच्या वस्तीतला एक मुलगा डिप्लोमा झाला. त्याने बचत गटांच्या व्याजाचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मुद्दल टाका, हप्ता टाका, प्रत्येकीचे व्याज आणि बाकी बाहेर. आम्ही आनंदाने तो ईमेलवरून उतरवून घेतला आणि कामाच्या ठिकाणच्या संगणकावर उघडला. लगेच निळी पाटी आली, विंडोजने तुमचा संगणक वाचविला आहे, म्हणून. खाली एकच ठळक बटण, ‘चालवू नका’. तरीही चालवायचे असेल तर ‘अधिक माहिती’ अशा बारीक अक्षरांवर आधी टिचकी मारावी लागते, तेव्हा कुठे दुसरे बटण दिसते. त्या बारीक अक्षरांमागे लिहिले होते, प्रकाशक अनोळखी. आम्ही पुढे गेलो, तर अँटिव्हायरसने फाईल उचलून बंदिस्त कप्प्यात टाकली. कोरोनात माणसे क्वारंटाईन होत होती, तसे. साहेब मागे उभे होते. “कुठून काय घाण आणता?” म्हणाले. मुलगा बाजूलाच होता. त्याचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

त्याचा प्रोग्रॅम खराब नव्हता. तो फक्त नवा होता, फारच थोड्यांकडे होता, आणि त्यावर सही नव्हती. ही सही म्हणजे आमच्याकडच्या जामीनदारासारखी. एखादी मान्यताप्राप्त कंपनी तुमची कागदपत्रे तपासून प्रमाणपत्र देते की फाईल याचीच आहे, वाटेत कुणी बदललेली नाही. त्यासाठी दरवर्षी हजारो रुपये मोजावे लागतात. मुलगा बाहेर पडताना म्हणाला, “काका, इथं पण जामीनदार लागतो होय?”

आम्ही निरुत्तर झालो. ज्या माणसांना पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेर ठेवले गेले त्यांच्या पोराला संगणकानेही वेशीबाहेर ठेवावे, असा विचार मनात येऊन गेला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा त्यात आमची थोडी गफलत दिसली. जात विचारून अडविणारा माणूस आधीच निकाल देऊन बसलेला असतो. ही पाटी निकाल देत नव्हती, आपल्याला ठाऊक नाही एवढेच कबूल करीत होती. साहेबांनी ‘अनोळखी’ या शब्दाचा अर्थ ‘घाण’ असा केला, आणि आम्ही वर्गात त्याच शब्दाचा अर्थ ‘आपलाच’ असा केला. दोघांनीही पाटी वाचली नाही.

आणि ‘घे’ किंवा ‘हाकल’ एवढे दोनच रस्ते असतात असेही नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. औंध संस्थानच्या काळात, १९३९ साली, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत तिथे उभी राहिली. कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो याच प्रयोगावरून, आणि तो लिहिला आपल्या गदिमांनी. तुरुंगात कोंडायचे नाही आणि एकदम मोकाटही सोडायचे नाही. राहू द्यायचे, काम करू द्यायचे, वागणूक पाहायची. सुरक्षेचे बरेच सॉफ्टवेअर अनोळखी फाईलशी असेच वागते. तिला संगणकात वेगळी, कुंपण घातलेली जागा देते, तिथे ती चालते, पण घरातल्या वस्तूंना तिचा हात लागत नाही. ती काय करते हे पाहून मग तिचे काय करायचे ते ठरते. त्या मुलाचा प्रोग्रॅम शेवटी आम्ही घरच्या जुन्या संगणकावर चालविला. त्यावर ना बँकेचे काम, ना कुणाची कागदपत्रे. सहा महिने हिशेब वहीशी ताडून पाहिले. पैशाचीही चूक निघाली नाही.

मग खुद्द वेसकराबद्दल आमची एक तक्रार आहे. तो फार विचारतो. आम्ही एकदा कामावर बसल्या बसल्या मोजले. दिवसभरात संगणकाने आम्हाला सतरा वेळा काही ना काही विचारले, आणि सतराही वेळा आम्ही न वाचता ‘होय’ दाबले. पुष्कळदा दाबल्यावर कळत होते की काहीतरी विचारले होते. ही नुसती आमची खोड म्हणू नका. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या सुमारास विंडोज व्हिस्टा आणले, तेव्हा ते बारीकसारीक कामासाठीही परवानगी विचारी. लोक इतके वैतागले की अनेकांनी ती विचारणाच बंद करून टाकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये कंपनीला प्रश्न कमी करावे लागले. रोज वीस वेळा विचारले की विसाव्यांदा माणूस ऐकत नाही, आणि नेमका चोर विसावा असतो. गूगलने आता काही देशांत वेगळी वाट धरली आहे. २०२४ साली सिंगापूरला सुरू करून नंतर भारतातही आणली. बाहेरून आलेले ॲप मेसेज वाचण्यासारखी नाजूक परवानगी मागत असेल तर फोन विचारत बसत नाही, सरळ अडवतो. आमच्यातल्या काही शिकलेल्या तरुणांना हे पटत नाही. फोन आमचा, मग ठरविणारी कंपनी कोण, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हाला समजते. त्या पुस्तकांच्या ॲपसारखे, त्या डिप्लोमावाल्या पोरासारखे लोक यात भरडले जातील हेही खरे. पण आक्कांचे पासबुक पाहिल्यापासून आम्ही हा वाद जोराने घालू शकत नाही.

फसविण्याची रीत मात्र जुनीच आहे. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला एक विषाणू जगभर पसरला. ईमेलचा मथळा होता ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’, आणि सोबतच्या फाईलचे नाव होते प्रेमपत्र. विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट लपवीत असे, त्यामुळे तो साधा मजकूर वाटे. मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या शिकलेल्या लोकांनी ते प्रेमपत्र उघडले. पंचवीस वर्षांनी प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली, प्रगती म्हणायची ती एवढीच. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली अशीच पत्रिका उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमावले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. तो प्रकार निराळा, चोर बँकेच्या यंत्रणेतच शिरले, आणि दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. हे आम्ही आक्कांना मुद्दाम सांगितले. त्या घरात बसून राहिल्या होत्या, बाहेर पडत नव्हत्या. “अडाणी म्हणून मलाच गाठलं,” एवढेच म्हणत होत्या. बँक फसते हे ऐकून त्यांनी आमच्याकडे मान वर करून पाहिले.

पहिल्याच दिवशी काय केले ते सांगायचे राहिले. आधी फोनचे सिम काढले, इंटरनेट बंद केले. आमच्या फोनवरून १९३० हा नंबर लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी नंबर आहे, तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांत गेले त्या बँकांना ते रोखायला कळविले जाते. म्हणून पहिला तास मोलाचा. आम्ही तीन दिवस उशिरा होतो. एका खात्यात ६ हजार सापडले, तेवढे रोखले गेले, आणि ते हातात पडायलाही खूप हेलपाटे घालावे लागले. बाकीचे गेले ते गेले.

गटाची बैठक विहाराच्या व्हरांड्यात झाली. आम्ही सभासद नाही, पण आम्हाला बोलाविले होते. एक बाई म्हणाल्या, आक्कांवर आमचा राग नाही, पण पैसा गटाचा आहे, खजिनदार बदला. दुसरी म्हणाली, आज बदलली तर लोक म्हणतील हिनंच खाल्लं. आक्का खांबाला टेकून खाली पाहत होत्या. मग आम्ही उठलो आणि वर्गातली गोष्ट सांगितली. ते बटण आम्ही सरकवले होते, ‘अलाऊ म्हणा’ हे आम्ही सांगितले होते, तेव्हा १२ हजार आम्ही भरतो. बराच वेळ कुणी बोलले नाही.

आक्का म्हणाल्या, “पैसं माझ्या हातनं गेलं, मीच भरीन. तुझं पैसं नकोत मला. तू एवढं कर, त्ये बटण ह्या समद्यांच्या फोनमधलं बंद कर.”

खजिनदार त्याच राहिल्या. फक्त गटाचे पैसे यापुढे एक दिवसही कुणाच्या स्वतःच्या खात्यावर ठेवायचे नाहीत असे ठरले, ते आधीच ठरायला हवे होते. आक्कांनी दिवाळीपर्यंत मजुरीतून आणि उरलेली शेळी विकून १२ हजार पुरे केले. आम्ही गुपचूप त्यांच्या नातवाची वह्या-पुस्तके घेतली, ती त्यांनी घेऊ दिली. त्यावर आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

आणि आम्ही घरोघर हिंडलो. २६ पैकी १९ फोन सापडले. तिघींचे फोन बदललेले, दोघी पुण्याला धुण्याभांड्याच्या कामाला गेलेल्या, एक मुंबईला लेकाकडे, एक वारली. बाहेरगावच्या तिघींना फोनवरून एकेक पायरी सांगून बटण बंद करून घेतले. १९ पैकी १४ फोनांत ते उघडेच होते. प्रत्येक घरी बसून आम्ही तेच सांगत होतो. पत्रिका वाचायची असते, फोनमध्ये बसवायची नसते. जी पत्रिका ‘बसवू का’ विचारते ती पत्रिका नव्हे. विचारले की थांबायचे, कोणाला तरी दाखवायचे, आणि पाठविणाऱ्याला फोन लावून ‘तूच पाठविलीस का’ म्हणून विचारायचे. एका घरी म्हातारबा म्हणाले, “पयल्यांदा आलास तवा हो म्हणा म्हणालास, आता न्हाय म्हणा म्हणतोस.” आम्ही म्हटले, “होय बाबा. आधी चुकलो होतो.”

गेल्या डिसेंबरात आक्कांच्या भाच्याचे लग्न ठरले, विट्याचा भाचा. त्याने व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठविली. ती चांगली फोटोची पत्रिका होती, नुसती पाहण्याची, तिच्यात भीतीचे काही नव्हते. आक्कांनी ती उघडली नाही. दोनदा पाठविली, दोनदा नाही. त्याने फोन केला, तो अनोळखी नंबरवरून, म्हणून तोही उचलला नाही. शेवटी लग्नाला चार दिवस उरले असता भाचा मोटारसायकलवरून आटपाडीला आला, रागानेच. आम्ही तेव्हा तिथेच होतो.

“आत्या, दोनदा पाठवली की फोनवर! रागावलीस व्हय माझ्यावर?”

“फोनवरचं म्या उघडत न्हाय,” आक्का म्हणाल्या. “कागुद आणलायस का?”

त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेली छापील पत्रिका काढली. आक्कांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, मग आमच्याकडे दिली.

“वाच रं भाऊ. आन् तारीख नीट बघ.”